खोका वेगळा, पेटी वेगळी

माघातला मतलई वारा अंगाला झोंबत होता. भरडखोलच्या किनाऱ्यावर रावजी बोंबील वाळत टाकत होता; दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे नि काठीवर टांगायचे. हात चालत होते, जीव घरातल्या पेटीपाशी होता.

तीस वर्षं कोळीवाड्याच्या भजनात त्याच्या बापाने, कोंडाजीने, पेटी वाजवली. त्या पेटीचा भाता फाटला, म्हाताऱ्याची बोटंही आखडली. "एकदा तुझ्या हातची चांगली पेटी सप्त्यात ऐकू दे," एवढंच तो मागत होता. म्हणून अठ्ठावन्न सालच्या दिवाळीला रावजीने मुंबईहून दुहेरी सुरांची, दुकानातली सगळ्यात वरची पेटी आणली. ठेवायचा खोका वेगळा, त्याचे पैसे वेगळे, असं दुकानदार म्हणाला. रावजी हसला. "शेट, होडी इकताना तळ वेगळा इकतात का?" आणि तशीच पेटी घेऊन आला.

दोन महिन्यांत खाऱ्या हवेने आतले पितळी पट्ट्यांचे सूर हिरवे पडले. कोंडाजी म्हणाला, "मुशीचं तेल चोळ. होडीला मानवतं, हिला का न्हाय?" रावजीने पिसाने सुरासुरावर ते माशाचं तेल फिरवलं. त्यावर बारीक वाळू बसली आणि पेटी मुकी झाली.

शाळेच्या विठोबा मास्तरांकडून त्याने दुकानाला तक्रार लिहवली. आज रावजी किनाऱ्यावरून परतला तेव्हा मास्तर उत्तर घेऊन पडवीत आले होते. दुकानाने लिहिलं होतं: खोका न घेतल्याने दुकानाची जबाबदारी नाही. तरी पेटीत बाहेरचं काही घातलं नसेल तर तसं लिहून द्यावं, नवे सूर टपालाने फुकट येतील.

"लिहू ना, काही घातलं नाही म्हणून? पेटी बघायला कोण येतंय?" मास्तरांनी विचारलं.

"वास काय पाकिटात बसून जात न्हाय," सुपात तांदूळ पाखडत रावजीची बायको केसर म्हणाली. "हितं घरभर त्या तेलाचा वास हाय, माझी लुगडी हुंगलीत तरी कळंल."

सप्ता दहा दिवसांवर होता. रावजीने बोंबलांचे ओले हात पुसले.

"न्हाय मास्तर. तेल घातलं, मी घातलं, असं लिवा. पन खोक्याचं बी लिवा. एवढी भारी वस्तू, नि तिचं झाकन वेगळं इकायचं? ही रीत न्हाय."

आतून कोंडाजी खोकला. "तेल मी सांगितलं. माझं नाव लिव."

"बाबा, हात माझा व्हता."

"अक्कल माझी व्हती, रं."

मास्तरांनी दोघांचीही नावं लिहिली.

रावजी आत जाऊन बापाच्या उशाशी बसला. "यंदा टाळांवर भागवू, बाबा."

"भागवा," म्हातारा म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

 मग केसरने पाणी संपल्याचं सांगितलं, तेव्हा रावजीने हंडा उचलला, दोर खांद्यावर टाकला आणि विहिरीची वाट धरली.