खिडकीजवळच्या खुर्चीतला बाबा

ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, चूक दिसली की चैन पडत नाही. स्टुडिओतल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून ते दिवसभर लोकांच्या मुलाखतींमधले खोकले आणि अडखळणं कापत बसायचे. पूर्णवेळ व्हिडिओ एडिटर म्हणे. मग घराला वेळ कुठला, असं मी तोंडावर विचारलं की हसून वेळ मारून न्यायचे.

त्यांची लेक चिमी पहिलं पाऊल टाकत होती तेव्हाही ते त्या खोलीतच होते. ताईनं मोबाइलवर टिपलं. व्हिडिओत खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसत होती, आणि ते भाऊजींना फार लागलं. पण रजा घेतील तर शपथ! एका रविवारी ते त्याच खुर्चीत, तशाच उजेडात बसले, टाळ्या वाजवतानाचं स्वतःचं चित्रण केलं आणि त्या व्हिडिओत बेमालूम बसवून दिलं. अगदी सावलीसकट. आम्ही कौतुक केलं; मीही केलं, खोटं कशाला बोलू.

एक गफलत मात्र राहिली. व्हिडिओत आम्ही सगळे चिमीच्या पावलांकडे बघतोय. भाऊजी समोर बघतायत, व्हिडिओ बघणाऱ्याकडे.

ताई कामावर गेली की मी तिच्या घरी येऊन चिमीला सांभाळते. जेवताना तिला रोज टीव्हीवर तोच व्हिडिओ लागायचा. बोलायला लागल्यावर "बाबा माझ्याकडेच बघतो," म्हणायची. पुढे टीव्ही बंद असला तरी ती खऱ्या खुर्चीशी गप्पा मारायला लागली. संध्याकाळी थकून आलेल्या बापाला म्हणायची, "तिथे नको बसू. बाबा बसलाय."

पोरखेळ म्हणून मी कानाडोळा केला. मग एका दुपारी स्वयंपाकघरात असताना मला टाळ्या ऐकू आल्या. बाहेर येऊन बघते तर टीव्ही बंद, आणि चिमी दोन्ही हातांनी दुधाचा पेला धरून खुर्चीकडे बघत हसतेय.

भाऊजींना सांगितलं. ते या वेळी हसले नाहीत. स्टुडिओतल्या साहेबांचं तोंड वाकडं झालं, तरी भाऊजींनी हट्टानं अर्धवेळ काम मागून घेतलं.

पहिल्याच दुपारी चिमीला मांडीवर घेऊन त्यांनी लॅपटॉप उघडला. "हे बघ, हा बाबा मीच चिकटवलाय. खोटा आहे. आता काढून टाकतो."

व्हिडिओतली खुर्ची रिकामी झाली. मला वाटलं, पोरगी भोकाड पसरेल. ती शांतपणे बघत राहिली.

"आता बाबा कुठाय?" भाऊजींनी विचारलं.

चिमी मांडीवरून उतरली, खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेली आणि खुर्चीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "हा काय. आला ना बाहेर."

मग घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं तिनं भाऊजींना विचारलं, "तुम्ही ऑफिसला कधी जाणार?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मला रडू फुटलं, पण खुर्चीकडे बघायची हिंमत काही झाली नाही.