वस्तादांचं वाचन

जुन्नरपासून आंबेगावपर्यंत राजकारण खऱ्या अर्थाने कळलेला माणूस एकच होता, आणि त्याला अक्षरओळख नव्हती. धंद्याने तो कागदी. जुन्नरला नदीकाठी हातकागद करणाऱ्यांची जी मुसलमान घरं होती, त्यांतल्या एका घरचा. लगदा आणि साचा यांतून हात मोकळे झाले की तो तालमीत असायचा, म्हणून सारा गाव त्याला वस्ताद म्हणे. मी सरकारी शाळेतला मास्तर, अंगाने काडी. आखाड्याच्या मातीला उभ्या आयुष्यात पाय लावला नाही. तरी आमची दोस्ती जमली, कारण वस्तादांना वर्तमानपत्र ऐकायचं असे आणि मला ऐकणारा हवा असे. पुण्याहून टपालाने अंक आला, की संध्याकाळी तालमीच्या ओट्यावर मी तो वाचायचा आणि घामाने निथळणाऱ्या दहा-बारा पहिलवानांनी ऐकायचा, असा आमचा शिरस्ता. सरकारी नोकराने सरकारवर तुटून पडणारी असली पत्रं वाचणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं होतं, पण वस्तादांसारखा श्रोता मिळाला की माणसाला शुद्ध राहत नाही.

अंक हाती आला की वस्ताद आधी तो स्वतः तपासत. बोटांत चोळून बघत, उजेडाकडे धरत, एक कोपरा जिभेला लावत आणि मग निकाल देत. एकदा स्वदेशीवरचा असा झणझणीत अग्रलेख मी वाचला, की ऐकणाऱ्यांच्या मुठी वळल्या. वस्ताद तेवढे कपाळाला आठ्या घालून बसलेले. मी विचारलं, "का हो, आवडला नाही?"

"मजकूर लई जहाल हाय, मास्तर," ते म्हणाले, "पन कागद मवाळ हाय. इलायती हाय. सोदेशी सांगायची, आन् ती सायबाच्या कागदावर?"



बाकी सगळं राजकारण त्यांनी लाल मातीत आणून ठेवलं होतं. मवाळांचे अर्ज म्हणजे त्यांच्या लेखी नुसती सलामी. हाताला हात लावायचा आणि पुन्हा मागे. "सलामीवर कुस्ती न्हाई मारता येत, राव." सरकारच्या ताकदीची कुणी धास्ती घेतली तर म्हणत, "वजनाला भिऊ नगा. वजनदार गडी आदी दमतो." बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीचा तर त्यांना भारी तिटकारा. ओझरच्या जत्रेत पंचांनी त्यांच्या पठ्ठ्याची कुस्ती सोडवायचं म्हटलं, तेव्हा हे आखाड्यातच मांडी ठोकून बसले. "अर्दं लगीन लावता का कुनाचं? निकाल होऊ द्या!" निकाल झाला. पठ्ठ्या चीतपट! वस्ताद उठले, स्वतःचा फेटा सोडून आणे गावच्या त्या जिंकलेल्या गड्याच्या डोक्याला बांधला आणि बोडक्याने जुन्नरला परतले. वाटभर त्या गड्याच्या डावाची तारीफ चालू होती आणि आमचा हरलेला पठ्ठ्या मागून मुकाट चालत होता.

त्यांची स्मरणशक्ती मात्र अघोरी होती. एकदा ऐकलेला अग्रलेख ते जसाच्या तसा म्हणत, आणि जसाच्या तसा म्हणजे माझ्या खोकल्यासकट. ज्या वाक्यापाशी मी खोकलो असेन, तिथं वस्तादही गंभीरपणे खोकत. त्यांना वाटे, तेही छापलेलंच आहे.

एका संध्याकाळी वाचन संपतं न संपतं तोच फौजदार दोन शिपाई घेऊन तालमीत शिरला. कुणीतरी चहाडी केली होती. अंक माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडलेला. "हे पत्र इथं मोठ्यानं वाचतो कोण?" फौजदाराने विचारलं. माझ्या घरी म्हातारी आई, बायको, तीन लेकरं. नोकरी तर गेलीच असती, वर तुरुंग. मी तोंड उघडलं नाही. वस्तादांनी अंक उचलला.

"मी वाचतो, सायेब."

"वाच बघू."

वस्तादांनी अंक डोळ्यांसमोर धरला आणि अग्रलेख पहिल्या शब्दापासून धडाधड सुरू केला. काना-मात्रेचा फरक नाही. मध्ये दोनदा खोकलेसुद्धा. फक्त अंक उलटा धरला होता. फौजदाराने तो काढून घेतला, सुलटा केला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"आमी कागदी, सायेब," वस्ताद शांतपणे म्हणाले, "आमाला दोनीकडनं वाचता येतं."

फौजदाराने एकवार माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. तरीही 'वर्तमानपत्र मी स्वतः वाचतो' अशी जबानी लिहिली गेली, आणि तिच्याखाली वस्तादांनी अंगठा उमटवला.

येत्या सोमवारी मामलेदारापुढे हजर राहायचा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी मी नदीकाठी गेलो, तर ते नेहमीसारखे साचा पाण्यातून वर काढत होते. मी म्हणालो, "वस्ताद, मी खरं सांगून टाकतो."

"येडं का काय, मास्तर? तितं दुसरा कागद हातात दिला, तर मी काय वाचनार? मंग तुमी सापडता. मी हजरच न्हाई झालो, तर वाचायचं कुनाला सांगत्याल?"

"अहो, पण घरदार?"

"पोरं थोरली हायत. बगत्याल." आणि त्यांनी साचा पुन्हा पाण्यात बुडवला.

रविवारी ते भीमाशंकराकडून घाट उतरून कोकणात गेले, एवढंच कळलं. फरारी म्हणून डांगोरा पिटला गेला, माझ्या नोकरीला मात्र धक्का लागला नाही. खाली पनवेल-कल्याणकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाला मी वर्षानुवर्षं विचारत राहिलो. कुणालाही ते दिसले नाहीत.

मी त्यांना थांबवू शकलो असतो. कचेरीत जाऊन चार शब्द बोलायचे होते, तेवढंही मला जमलं नाही, आणि त्यानंतर जन्मभर वर्गात उभा राहून मी मुलांना खरं बोलायला शिकवत आलो. आता नोकरी संपली, आई गेली, मुलं आपापल्या पायांवर उभी आहेत. म्हणून लिहितो, की त्या संध्याकाळी वाचत होतो तो मी. वस्ताद, तुम्ही जिथं असाल तिथं कुणीतरी हे तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं, एवढंच माझं मागणं आहे.