लुकिनाला हाक

फिलेतुस रोमच्या ओस्तिया बंदरात मासळीबाजारामागे, पडदा बांधलेल्या ओसरीत पोरांना व्याकरण शिकवायचा. जन्म गुलामीतला. मालकाच्या मुलांबरोबर शिकता शिकता तोच त्यांना शिकवू लागला आणि चाळिशीत मोकळा झाला. गुडघ्यावर गुडघा चढवायचा, त्यावर बोटांत बोटं गुंफायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची शिकवण्याची बैठक. तसा बसला की शब्द त्याला झाडांसारखे दिसत. खोडावरून मुळाकडे उतरत जायचं.

त्या सकाळी नदीवरचं धुकं थेट अंगणात आलं होतं. आत त्याची बायको व्हिबिया कालपासून अडली होती. पहिलं मूल असंच अडून गेलं. या वेळी व्हिबियाही जाईल, ही भीती घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आतून हाक येई, "लुकिना!" बाळंतपणाची देवी. अंगणात नेहमीच्या बैठकीत बसलेल्या फिलेतुसने डोळे मिटले. लुकिना. लॅटिनमध्ये 'लूक्स' म्हणजे उजेड. बाळाला उजेडात आणणारी. की 'लूकुस', देवराई? राईत राहणारी? दोन्ही मुळं धुक्यात हलत होती. नाव स्त्रीलिंगी. हाक मारताना 'फिलेतुस'चं 'फिलेते' होतं. 'लुकिना' मात्र बदलत नाही, जसंच्या तसं हाकेत उभं राहतं. व्हिबियाचा आवाज बारीक होत गेला तसा तो राईत आणखी आत शिरला.

सुईण हिलारा बाहेर आली. "घरात कुठंतरी गाठ राहिलीय. बाळ जागचं हलत नाही."

"सगळ्या सोडल्या की गं," फिलेतुसची सासू म्हणाली. "केस, कंबरपट्टे, कुत्र्याची दोरी. शेजारणीच्या वहाणांचे बंदसुद्धा." मग तिची नजर अंगणात गेली. "फिलेते! अहो पंतोजी, पाय! आणि ती बोटं! माझी लेक बांधून ठेवलीत की!"

"मी नुसता विचार करतोय, सासूबाई."

"हात मोकळे सोडून करा!"

असल्या गोष्टी त्याला खुळ्या वाटत; पोरांसमोर तो त्यांची थट्टाही करायचा. पण त्याने बोटं सोडवली. ती वळली होती, चटकन सुटेनात. पाय खाली घेतला, तळवे उघडे करून मांडीवर ठेवले. तसा विचारच सुचेना. राई गेली, मुळं गेली, उरली नुसती हाक. तीच त्याने मारली. आधी पुटपुटत, मग सासूपेक्षा मोठ्यानं.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा आत पोर रडलं. गाठ सुटली म्हणून की वेळ भरली म्हणून, हे त्याने कुणाला विचारलं नाही.

हिलाराने मुलगी आणून त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवली. बापाने उचललं की मूल घरचं झालं, अशी रीत. तो वाकला नाही. "व्हिबिया?"

"पाणी मागतेय. तुम्हाला शिव्याही देतेय. उचला आता."