दुसरा भाकरतुकडा

तामलवाडीतले आमचे शेजारी आजोबा कुणालाही आधी "थांब" म्हणतात, शेळीला, एसटीला, मलाही. भांडून गेलेला धाकटा लेक परवा कित्येक वर्षांनी दारात आला, तेव्हाही ते ओरडले, "थांब तिथंच." तो मान खाली घालून उभा राहिला. आजोबांनी आतून भाकरतुकडा आणला, त्याच्यावरून ओवाळून लांब टाकला. "ये आता."

तेवढ्यात थोरला रानातनं आला आणि तोंड पाडून बाहेरच बसला. आजोबा दुसरा तुकडा घेऊन पुन्हा बाहेर आले.

"मला कशाला? म्या कुठं गेलतो?"

"रानातनं आलास की. थांब."

थोरल्याला हसू फुटलं.

उधळ्या पुत्राचा दाखला मी चर्चमध्ये लहानपणापासून ऐकतोय. त्यातला बाप दोनदा घराबाहेर येतो, एकदा परतलेल्या धाकट्यासाठी, एकदा रुसलेल्या थोरल्यासाठी, हे मला आजोबांच्या अंगणात कळलं.