मास्तरांनी मागितलेलं दार

मास्तर कुठलंही कापड आधी उलटं करून बघायचे. दुकानातली चादर असो, लग्नात शेजारी बसलेल्या व्याह्यांचं उपरणं असो, की सत्कारात त्यांच्याच खांद्यावर पडलेली शाल असो. चिमटीत काठ धरायचा, अलगद पलटायचा, मागचे धागे बघायचे आणि तोंड वाकडं करायचं. आमच्या मालकांनी त्यांच्या सत्तरीचा सत्कार ठेवला, तेव्हा पाहुणे त्यांच्यावर भाषण करत होते आणि मास्तर खुर्चीत बसून शालीची मागची बाजू तपासत होते. "पुढून सगळेच चांगले दिसतात की," नंतर मला म्हणाले. "मागं धागे लोंबतायत का बघायचं. ही शाल धा धुण्यात उसवती बघ." ती खरंच उसवली. आठ महिन्यांनी पिशवीत घालून मला दाखवायला घेऊन आले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू लॉटरी लागली!

सोलापुरात अक्कलकोट रोडला चादरींच्या एका कारखान्यात मी डिझाइनच्या खोलीत कामाला होते. मी काम्प्युटरवर नक्षी काढायची आणि मास्तर ती तपासायचे. त्यांची सगळी हयात ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवण्यात आणि त्यावरून मागाला नक्षी सांगणारी भोकाभोकांची पुठ्ठ्याची कार्डं पाडण्यात गेली होती. कार्डांचे दिवस संपले, मास्तर निवृत्तही झाले, पण मालकांनी त्यांना यायला सांगितलं होतं, आणि घरी करायचं तरी काय म्हणून तेही यायचे. स्क्रीनला नाक लावून बोटानं चौकोन मोजायचे, तेलुगूत, "ओकटि, रेंडु, मूडु..." मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. नक्षी पसंत पडली तर एकच शब्द, "चालंल." याच्यावर त्यांच्याकडे कौतुकाचा शब्द नव्हता. मी सहा वर्षांत तो दहा-बारा वेळा ऐकला असेल.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी जात्याच घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत जाणारी. आणि अशा बाईनं तीन वर्षांचे रविवार घालून एक व्हिडिओ गेम बनवला होता. नाव 'वाळवण'. गच्चीवर पापड वाळत घातलेत आणि एका लहान मुलीला राखण करायला बसवलंय. आत्या जिन्याचं दार ओढून घेताना सांगते, "कावळे येतील, जागची हलू नकोस." मग खेळणाऱ्यानं पापड उन्हात सरकवायचे, वाऱ्यानं उडणाऱ्या धोतरावर दगड ठेवायचे, कावळे हाकलायचे. मारामारी नाही, गुण नाहीत. कठडा उंच, त्यामुळे खालचं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. आजीचा खोकला, कुणाची तरी धावपळ, रिक्षा. पहिल्यांदा खेळणारा कावळ्यांच्या नादात असतो. ऊन उतरतं, मुलगी पापड गोळा करते, खाली हाक मारते आणि उत्तर येत नाही. संपलं. सगळी मिळून पन्नास मिनिटं.

ह्या पन्नास मिनिटांनीच माझी झोप उडवली होती. गेम बाजारात आणायचं काम पुण्याच्या केदारकडं होतं. तो फोनवर रोज एकच पाढा लावायचा. "अगं, दोन तासांच्या आत खेळून आवडला नाही म्हणून परत देता येतो. लोक तुझा गेम पूर्ण खेळतील, रडतील आणि वर परत देतील. एक तर लांब कर, नाही तर दोन-तीन शेवट दे, म्हणजे पुन्हा पुन्हा खेळतील." मी हो हो म्हणायची आणि फोन ठेवला की गेम पुन्हा पहिल्यापासून लावून बघायची. तीन वर्षांचं काम माझ्याच भित्रेपणानं बिघडेल की माझ्याच हट्टानं बुडेल, एवढंच ठरायचं बाकी होतं.

घरात दाखवायची सोय नव्हती. आई म्हणाली असती, पापड राखायला काय काम्प्युटर लागतो? म्हणून एकदा जेवणाच्या सुट्टीत मास्तरांना बसवलं. त्यांनी आयुष्यात गेम खेळला नव्हता. पहिल्या पाच मिनिटांत म्हणाले, "हा मागाचा आवाज कुठला आणलीस?" शेजारच्या घरात यंत्रमाग चालू आहे असं मी दाखवलं होतं. आवाज इंटरनेटवरून उचललेला. "आपल्याकडचा माग असा वाजत न्हाई. हा कुठल्या परदेशातला हाय काय की. आपला मधी एकदा अडखळतो." मी ओशाळले. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन आमच्याच मागाचा आवाज मोबाइलवर घेतला. तो खरंच अडखळत होता. सहा वर्षं त्याच आवाजात बसून मला ते कळलं नव्हतं!

पण त्या दिवशी गेम संपल्यावर ते स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एवढाच?" झालं! मास्तरसुद्धा 'एवढाच' म्हणाले, मग जग काय म्हणणार? मी रजा टाकली आणि गेम ताणायला बसले. एका दिवसाचे तीन दिवस केले. दुसऱ्या दिवशी कुरडया, तिसऱ्या दिवशी सांडगे. कावळे वाढवले, एक माकड आणलं. आजीला न्यायची रिक्षा ढकलली तिसऱ्या दिवसावर. दोन तास दहा मिनिटं. केदार खूश झाला आणि मी पुन्हा मास्तरांपुढे जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशीच्या कुरडयांपाशी मास्तरांनी माउस सोडला. "पोरी, तुला माझ्या मोरांची गोष्ट सांगितली का?" म्हणाले. ऐन तरुणपणी एका व्यापाऱ्याला त्यांची मोराची चादर अर्धा फूट लांब हवी होती. वाढवायची तर किनारीत वाढवतात, मोराला हात लावत नाहीत. पण मास्तरांना घाई होती. नवी किनार काढायचा कंटाळा केला आणि मधल्याच भागाची कार्डं दोनदा लावली. तो मधला भाग नेमका मोराच्या मानेचा. "शंभर चादरी निघाल्या बघ, आन् प्रत्येकीवर मोराला उंटाची मान! व्यापारी म्हणला, मास्तर, ह्ये जनावर कुठलं?" मी हसले, मग माझं हसू थांबलं. कुरडयांकडे बोट दाखवून ते शांतपणे म्हणाले, "ही तुझी मान."

"पण तुम्हीच म्हणालात ना, एवढाच?" मी जवळजवळ रडकुंडीला आले होते.

"म्हणलो की. एवढाच म्हणलो. लांब कर म्हणलो का?"

मी ते दोन दिवस काढून टाकले. माकडही गेलं.

त्यानंतर एक नवलच सुरू झालं. मास्तर रोज डबा खाल्ला की माझ्या खुर्चीत येऊन बसायचे. "लाव की ते पापडाचं." पन्नास मिनिटं खेळायचे, उठायचे, कामाला लागायचे. आठवडा झाला, पंधरवडा झाला. सुट्टी तासाची, त्यातली पंधरा मिनिटं डब्याला, त्यामुळे पाच मिनिटं रोज उशीर. मालक विचारायचे, मी सांगायची, नक्षी तपासतायत. मनातून मी हरखले होते. केदारला फोन करून ठसक्यात सांगितलं, "एकच शेवट आहे, तरी सत्तरीतला माणूस रोज खेळतोय!" केदार म्हणाला, "एक माणूस म्हणजे बाजार नव्हे." म्हणू दे. माझा एक तरी होता.

मग एक दिवस मी त्यांच्या मागे उभी राहून नीट बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की मास्तर पापड राखतच नव्हते. कावळे खुशाल खात होते. मास्तर मुलीला जिन्याच्या दारापाशी नेऊन सारखं क्लिक करत होते. दार नुसतं चित्र होतं. उघडायची सोयच मी केली नव्हती. मग कठड्यापाशी. मग पाण्याचा माठ सरकवून त्यावर चढता येतं का बघायला. मग पुन्हा दारापाशी.

"मास्तर, ते उघडत नाही."

"माहीत हाय." पुन्हा क्लिक. "रोज वाटतं, आज आधीपास्नं लागलो तर उघडंल."

मी स्टूल ओढून बसले. मास्तर स्क्रीनकडे बघतच बोलायला लागले. नक्षी उठवणारं जकार्डचं यंत्र मागाच्या डोक्यावर असतं, कार्डं चढवायला माळ्यावर जावं लागतं. ते असेच एकदा माळ्यावर होते, खाली मालक उभे, नवी नक्षी त्याच दिवशी सुरू व्हायची होती. तेवढ्यात बायकोचा भाऊ गेटवर आला. बहिणीच्या छातीत दुखतंय, रिक्षा आणलीय, चला. "मी वरूनच वरडलो, एवढी कार्डं चढवून येतो, तुमी व्हा म्होरं. मागाच्या आवाजात तिकडनं काय म्हणला ते ऐकूच आलं न्हाई मला. तासाभरानं गेलो, तवर संपलं होतं." मग त्यांनी पुन्हा एकदा दारावर क्लिक केलं. "दवाखान्यात इचारत होती म्हणे, आले का, आले का. तुझी काकू." आणि मग माझ्याकडे वळून, सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी मागितलं. "पोरी, एकदा तरी तिला खाली जाऊ दे की."

मी घरी आले ती दोन भीती घेऊन. दार उघडलं तर गेम मेला. ती हाक आणि ते न आलेलं उत्तर, त्याच्यासाठीच तर सगळं केलं होतं. आणि नाही उघडलं तर मास्तर. असं कसं नाही म्हणायचं? केदारला विचारायची चूक केली. तो ओरडलाच, "अगं हेच तर सांगतोय! दुसरा शेवट! टाक!" त्याच्या आनंदानं मला जास्तच धास्ती वाटली.

तरी मी दार केलं. बारा दिवस लागले. जिना उतरून मुलगी खाली येते, आजीला बाजेवरून उचलून रिक्षात ठेवतायत, मुलगी गर्दीतून वाट काढते, आजी तिच्या हाताला धरते. बोलणं काही नाही. रिक्षा निघते. मास्तरांना न सांगताच एका दुपारी गेम लावून दिला आणि मी खोलीच्या दाराआड उभी राहिले. सवयीनं त्यांनी जिन्यापाशी क्लिक केलं. दार उघडलं. मास्तरांचा हात माउसवरून उडाला, चटका बसल्यासारखा. मग हळूच पुन्हा हात ठेवला आणि तिला खाली नेलं. संपल्यावर ते उठले, बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुतलं आणि तसंच ओलं तोंड घेऊन कामाला बसले.

दुसऱ्या दिवशी डबा खाऊन ते माझ्या खुर्चीकडे आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मीच विचारलं, "मास्तर, लावू का?" ते नक्षीतून मान वर न करता म्हणाले, "नगं. झालं." त्यांनी तो गेम पुन्हा कधी उघडला नाही.

मी पार गोंधळले. दुसरा शेवट दिला की लोक पुन्हा पुन्हा खेळतात म्हणे; इथं रोज खेळणारा माझा एकुलता एक माणूस दुसरा शेवट मिळाल्यावर उठून गेला! दार ठेवायचं की काढायचं? तारीख जवळ आली, केदारचे फोन वाढले, मला जेवण जाईना. त्यातच मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. एका चौकोनाचे दोन दिसायला लागले, आणि भिवंडीहून त्यांची मुलगी न्यायला आली. शेवटच्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले आणि निरोप घ्यायचा सोडून माझंच रडगाणं लावलं. "मास्तर, दार ठेवू का काढू? तुम्ही म्हणाल तसं."

"मला कशाला इचारतीस? माझं काम झालंय." बॅग नीट लावत म्हणाले. "पयल्या दिवशीच दार उघडलं असतं तर मी एकदा बघून उठलो असतो. ज्याचं काम व्हायचंय त्याला इचार." बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात केला, पण मी उभी होते त्याच्या भलत्याच बाजूला. त्यांना मी दिसत नव्हते. मी धावत जाऊन खिडकीला हात लावेपर्यंत बस वळली होती.

मी दार काढलं. पन्नास मिनिटं, एक शेवट. केदार चार दिवस बोलला नाही. आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लोकांनी पूर्ण खेळून गेम परत दिले. 'छान आहे, पण एवढ्याशासाठी?' असं कुणीतरी लिहिलं ते मी दिवसातून पाच वेळा वाचायची. मास्तरांना फोनवर सांगितलं तर हसले. "परत दिला म्हणजे बघितला तरी की शेवटपर्यंत." त्याच थंडीत भिवंडीत ते गेले. मुलीचा फोन सकाळी आला. मी काम्प्युटरपुढं बसले होते आणि खालून माग ऐकू येत होता, मध्ये एकदा अडखळणारा. मी खूप रडले.

मग वसंतात एका बाईचा निरोप आला. कुठल्या गावची ते माहीत नाही. तिनं लिहिलं होतं, 'नऊ वेळा खेळले. सगळे पापड वाळवून बघितले, सगळे कावळ्यांना देऊन बघितले. फक्त एवढं सांगा, खाली जायला वाट आहे का?' मी दोन दिवस तसाच ठेवला तो निरोप. मग दार असलेला गेम शोधून काढला आणि तिला पाठवून दिला. केदारला सांगितलं नाही. त्यानंतर असं विचारणारे आणखी सहा जण आले, त्यांनाही पाठवला.

मी अजून तशीच आहे. फोनला उत्तर आलं नाही की माणूस रागावला असेल, आजारी असेल, मेला असेल, असं सगळं माझ्या डोक्यात येऊन जातं. पण या सातांपैकी एकानंही गेम मिळाल्यावर मला पुन्हा काही लिहिलं नाही, साधं 'मिळाला' म्हणूनसुद्धा नाही, आणि त्याची मात्र मला एक दिवसही काळजी वाटलेली नाही.