विंचवाच्या लेकी

पडघ्याला गोडाऊनच्या मागे आमचं घर. त्या सकाळी नवरा अंगणातल्या विटा हलवत होता, तर खालून विंचवाची मादी निघाली. पाठीवर पांढरी पिल्लं गच्च बसलेली. सासूबाईंनी चप्पल उचलली.

"मार तिला. न्हायतरी पोरंच खातील."

विंचवाची पिल्लं आईला खातात, ही आपल्याकडची पक्की समजूत. साफ खोटी. पहिली कात टाकली की ती उतरून आपापल्या वाटेने जातात. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण घरात माझं विज्ञान कोण विचारतो?

आत माझी सहा वर्षांची मुलगी कण्हत होती. तिला सिकलसेल, आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. कळा आल्या की पाय पोटाशी घेऊन पडायची, हात लावू द्यायची नाही. त्यात मला पुन्हा दिवस गेलेले. पोटातल्या बाळाला हाच आजार आहे का, हे बघायला डॉक्टरांना आधी आम्हा दोघांचं रक्त हवं होतं. माझं तपासून झालं होतं. नवरा आज-उद्या करत होता.

"त्याचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "खाण तशी माती. आमच्या घरात कोनाला न्हाय हा रोग."

माझं डोकं फिरलं.

"विंचवांच्या काही जातींना नर लागतच नाही," मी म्हणाले. "मादी एकटीच विते, लेकी हुबेहूब आईसारख्या. तिथे तुमची म्हण खरी. आपल्याकडे दोघांचं रक्त मिसळतं. माझ्यात हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलाय, मी त्याने कधी अंथरूण धरलं नाही. आपली पोरगी नुसती माझी नक्कल असती, तर आत्ता अंगणात खेळत असती! दुसरा दोष या घरातून आलाय."

नवऱ्याने हातातली वीट खाली ठेवली. दुपारी न जेवताच भिवंडीला जाऊन रक्त देऊन आला. त्याच्यातही तोच दोष निघाला. मग बाळाची तपासणी झाली. त्याने दोघांकडूनही तोच दोष उचलला होता. आम्ही ते ठेवलं नाही.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा नवरा उंबऱ्यावरच बसून रडायला लागला. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुला रे काय ठावं व्हतं?"

मी भिंतीला धरून उभी होते. मलाही ठाऊक नव्हतं.