मुहूर्ताची नाणी

सिंगापुरात नागरिकांच्या आणि पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, झालेल्यांच्या पगारातून म्हातारपणाचे पैसे आपोआप बाजूला पडतात. आमच्या पगारातून काहीच पडत नव्हतं. नवरा वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत इंजिनियर, त्याचा एम्प्लॉयमेंट पास, आणि त्याच्या पासाला टेकून माझा डिपेन्डंट पास. तो गेला की माझाही गेला. पीआरचा अर्ज नाकारला गेला तेव्हा मी ठरवलं की आपल्या म्हातारपणाचं आपणच बघायचं. पुण्यात मी अकाउंटंट होते. इथे दुसऱ्यांचे हिशेब करायला परवाना लागतो. आपले स्वतःचे करायला कोण अडवणार होतं?

त्या पैशांना आम्ही घरात ‘डबा’ म्हणायचो. ठेवी, सरकारी रोखे, थोडे फंड, सगळं कंटाळवाणं आणि माझ्या मनासारखं. एका पाडव्याला नवऱ्याने क्रिप्टोचा हट्ट धरला. त्याच्या टीममधली सगळी पोरं घेत होती म्हणे. मी अट घातली : डब्याचा दहावा हिस्सा, त्याहून जास्त नाही, आणि तो हिस्सा फुगला तर वरचं विकून ठेवीत टाकायचं. गाजराची पुंगी आहे ही, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. तो लगेच हो म्हणाला. हो म्हणायला त्याला कधीच वेळ लागत नाही.

घोड्याने पेंड खाल्ली ती पुढेच. पाडवा आहेच, तर मुहूर्तावर घेऊ, असं त्याच्या मनात आलं. चोआ चू कांगच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी गुढी, गुढीपुढे पाट, पाटावर फोन. खरेदी झाल्याबरोबर त्याने फोनला हळदकुंकू वाहिलं. थोडं कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं, ते मी टूथपिकने काढत बसले. इथेच वाढलेल्या आमच्या मुलीने कपाळाला हात लावला. मला मात्र हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

पुढे पुंगी वाजायला लागली, आणि वाजतच राहिली. बघता बघता डब्याचा तिसरा हिस्सा त्या नाण्यांचा झाला. मी म्हटलं, “ठरल्याप्रमाणे वरचं विकून टाक.”

“मुहूर्ताचं आहे,” तो म्हणाला. “मुहूर्ताचं सोनं मोडतात का कधी?”

एरवी हा माणूस सत्यनारायणाला फक्त प्रसादापुरता येतो. पण आमच्या दोघांच्याही घरी पाडव्याची वळी, दसऱ्याची अंगठी कधी कोणी मोडली नव्हती, आणि ते त्याच्या हाडात मुरलेलं होतं. सांगून उपयोग नव्हता. खातं त्याच्या नावावर, विकायला फोनला चेहरा त्याचाच दाखवावा लागायचा. मी नुसती उंटावरून शेळ्या हाकत होते.

त्यातच त्याच्या पासाची मुदत जवळ येत चालली होती. त्याने पंचावन्नी ओलांडली होती, वरचा मॅनेजर नवा होता, टीममधली दोन जुनी माणसं निरोपाचा केक कापून घरी गेली होती. पास पुन्हा मिळाला नाही तर हा डबा हीच आमची पेन्शन. एका रविवारी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, जेवताना मुलीने तिच्या इथल्या सिंग्लिशमध्ये सहज विचारलं, “सो, यू ऑल कॅन रिटायर ऑर नॉट?” नवऱ्याने चमचा खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला, आजचा भाव बघायला.

“ऐया,” मुलगी म्हणाली, “कॅन रिटायर ऑर नॉट, ऑल्सो मस्ट चेक फोन फर्स्ट, आह?”

तो हसला. मला हसू आलं नाही. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. दसऱ्याच्या आत हे विकायचंच, असं मी तिथे बसल्या बसल्या ठरवलं. मग वाटलं, आत कशाला? दसऱ्यालाच.

आमच्या ब्लॉकखाली आपट्याच्या जातीचं एक झाड आहे. इथे झाडाचं पान तोडलं तर दंड बसतो, म्हणून आम्ही पडलेलीच उचलतो. दसऱ्याच्या सकाळी मी पानं वेचून आणली, धुतली, आणि पूजेला मांडलेल्या त्याच्या फोनशेजारी पाटावर ठेवली. पूजा झाल्यावर त्याच्या हातात एक पान दिलं.

“सोनं घे. आता तुझ्याकडचं दे.”

“म्हणजे?”

“पाडव्याला सोनं घेतात, दसऱ्याला लुटतात. धरून ठेवतात का आजच्या दिवशी? वरचं वीक.”

“अगं, लुटतात ते पान असतं!”

“आणि हे काय आहे? पान तरी हातात येतं.”

तो हातातलं पान उलटसुलट करत राहिला. मी जागची हलले नाही. श्रीखंड मी मुद्दामच अजून बाहेर काढलं नव्हतं. शेवटी त्याने फोन उचलला, चेहरा दाखवला, आणि दहावा हिस्सा ठेवून बाकीचं विकलं. आठवड्याभरात मी ते सगळं रोख्यांत आणि ठेवींत घातलं.

पुढे भाव आणखी चढला. चढणारच होता, तो काय मला विचारून चालतो? रोज जेवताना नवरा सांगायचा, आज असतं तर किती झालं असतं. मी आमटी वाढत राहिले. मलाही जिवाला लागायचं, नाही असं नाही, पण मी परत घेऊ दिलं नाही. मग भाव उतरला, पुन्हा चढला, आणि हळूहळू त्याने सांगायचं सोडून दिलं.

पास पुन्हा मिळाला नाही. तो त्या दिवशी दुपारीच घरी आला, बूट काढून दाराशीच स्टुलावर बसला. मी पाणी दिलं. त्याने विचारलं, “आपल्याला पुरेल का गं?”

फोन त्याच्या खिशातच होता. त्याने तो काढला नाही.

“पुरेल,” मी म्हटलं.